निवाड्यांच्या वर्गात सरकारी कचेरी

अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत प्रशासकीय कायदा हा विषय उशिरा आला, आणि आला तोही मागच्या दाराने. करार, मालमत्ता, अपकृत्ये, फौजदारी कायदा हे विषय एकोणिसाव्या शतकातच वर्गात पक्के बसले होते. सरकारी खाती आणि आयोग नियम कसे करतात, परवाने कसे देतात, दर कसे ठरवतात आणि त्यांना लगाम कोण घालतो, हे शिकवणारा तास मात्र १९०० च्या सुमारास मोजक्याच विद्यापीठांत भरत होता. तिथेही तो बहुधा राज्यशास्त्र विभागाच्या वाट्याला होता. आज हाच विषय कित्येक ठिकाणी पहिल्या वर्षी सक्तीने शिकवला जातो. मधल्या शंभर वर्षांत वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: विद्यार्थ्याने वाचायचे काय, न्यायाधीशाचा निवाडा की कचेरीचा नियम?

युरोपात हा प्रश्न इतका अवघड नव्हता. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या अमलात, १७९९ मध्ये राज्य परिषद स्थापन झाली आणि पुढे तीच सरकारविरुद्धच्या तक्रारींचे न्यायालय बनली. पॅरिसच्या विधी विद्याशाखेत प्रशासकीय कायद्याचे अध्यासन १८१९ मध्येच सुरू झाले. बोर्दो शहरात सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीखाली आन्येस ब्लांको नावाची लहान मुलगी जखमी झाली. तिच्या वडिलांनी भरपाई मागितली, तेव्हा १८७३ मध्ये असे ठरले की सरकारची जबाबदारी खासगी माणसासाठी केलेल्या नागरी संहितेने मोजायची नाही, तिचे नियम वेगळे. फ्रेंच विद्यार्थी आजही या मुलीच्या नावानेच विषयाला सुरुवात करतो.

इंग्रजी जगात मात्र १८८५ मध्ये ए. व्ही. डायसीचे राज्यघटनेवरचे पुस्तक आले आणि दार लोटले गेले. इंग्लंडमध्ये अधिकारी आणि सामान्य माणूस एकाच कायद्याखाली, एकाच न्यायालयासमोर उभे राहतात, फ्रेंचांसारखा वेगळा प्रशासकीय कायदा इथे नाही, असा त्याचा दावा होता. दावा फ्रान्सबद्दल पुरेसा खरा नव्हता आणि इंग्लंडबद्दल दिवसेंदिवस खोटा ठरत होता, पण वाक्ये ठसठशीत होती. त्यांचा परिणाम असा झाला की दोन पिढ्यांच्या वकिलांना हा विषयच परकी वाटू लागला. भारतातल्या एलएलबीच्या विद्यार्थ्यापुढेही डायसी हमखास पहिल्या धड्यातच येतो, आणि तो का चुकला हे दुसऱ्या धड्यात शिकवावे लागते.

अमेरिकेत पहिले नाव घ्यावे लागते फ्रँक गुडनाव याचे. कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन तो पॅरिस आणि बर्लिन येथे शिकून आला आणि १८८० च्या दशकात कोलंबियातच शिकवू लागला. त्याचा तुलनात्मक प्रशासकीय कायद्यावरचा दोन खंडी ग्रंथ १८९३ मध्ये निघाला. शिकवण्याजोगा ऐवज तोवर घरातच तयार होत होता. रेल्वे कंपन्यांनी शेतमालाच्या वाहतुकीत चालवलेल्या मनमानी दरांविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर १८८७ मध्ये पाच सदस्यांचा आंतरराज्य वाणिज्य आयोग नेमला गेला. हा आयोग ना धड न्यायालय, ना विधिमंडळ, ना नेहमीचे खाते. तिघांचे थोडे थोडे काम त्याच्याकडे होते, आणि नेमक्या याच कारणाने तो कोणत्याच जुन्या विषयात बसत नव्हता.

विषय वर्गात आणण्याचा खरा झगडा शिकागोत झाला. अर्न्स्ट फ्रॉइंड हा जर्मनीत वाढलेला आणि तिथेच कायदा शिकलेला माणूस. १८९४ पासून तो शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत होता. विद्यापीठाने विधी महाविद्यालय काढायचे ठरवले तेव्हा अभ्यासक्रमाचा आराखडा करण्यात त्याचा मोठा हात होता. कायद्याबरोबर शासनव्यवहार, अर्थकारण आणि प्रशासन यांनाही त्यात जागा होती. मात्र नव्या महाविद्यालयाला वजन हवे होते आणि वजन त्या काळी हार्वर्डकडे होते. म्हणून कुलगुरू विल्यम हार्पर यांनी हार्वर्डचे प्राध्यापक जोसेफ बील यांना काही काळासाठी अधिष्ठाता म्हणून मागितले. फ्रॉइंडचा आराखडा पाहून बील आणि त्यांचे अधिष्ठाता जेम्स बार एम्स दोघेही बिथरले. विधी महाविद्यालयात शुद्ध कायदाच शिकवावा, बाकीचे ज्यांना हवे त्यांनी दुसऱ्या विभागात शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. बोलणी मोडण्यापर्यंत आली. शेवटी हार्वर्डच्या धर्तीवरच महाविद्यालय चालेल असा शब्द हार्पर यांनी दिला, बील दोन वर्षांसाठी आले आणि १९०२ च्या ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले.

या हट्टामागे एक पद्धत होती. १८७० मध्ये हार्वर्डचा अधिष्ठाता झालेला क्रिस्टोफर लँगडेल याने व्याख्याने बाजूला सारून वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे विद्यार्थ्यांच्या हाती दिले. कायदा हे शास्त्र आणि ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा, अशी त्याची धारणा होती. प्राध्यापक प्रश्न विचारी, विद्यार्थी निवाड्यातून तत्त्व खणून काढी. करारासारख्या विषयाला हे छान जमले, कारण तिथला कायदा न्यायाधीशांनीच घडवलेला होता. सरकारी आयोगाचा कायदा मात्र अधिनियमांत, नियमांत, परिपत्रकांत आणि कारकुनाच्या टेबलावरच्या छापील अर्जात असतो. त्यातले न्यायालयापर्यंत फारच थोडे पोचते. लँगडेलच्या चाळणीतून पाहणाऱ्याला हा सगळा व्यवहार कायदाच वाटत नसे. फ्रॉइंड शिकागोच्या विधी शाखेत टिकला, पण त्यालाही वर्गात शिरण्यासाठी त्याच चाळणीतून जावे लागले. १९११ मध्ये त्याने प्रशासकीय कायद्यावरचे निवाडे निवडून केसबुक काढले. अधिनियमांचा हा कट्टर अभ्यासक इतिहासात नोंदला गेला तो निवाड्यांचा संकलक म्हणून.

त्या काळचे दोन निवाडे आजही केसबुकांत शेजारी शेजारी बसतात, आणि दोन्ही डेन्व्हर शहराचे आहेत. पहिला १९०८ चा. नगरपालिकेने एका रस्त्याची फरसबंदी केली आणि खर्च लगतच्या जमीनमालकांवर वाटला. मालकांनी लेखी हरकती दिल्या, पण त्यांना बोलावून ऐकून न घेताच नगर परिषदेने आकारणी कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. लेखी हरकत पुरेशी नाही, थोडक्यात का होईना पण तोंडी म्हणणे मांडण्याची आणि गरज पडल्यास पुरावा देण्याची संधी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दुसरा १९१५ चा. राज्याच्या मंडळाने डेन्व्हरमधल्या यच्चयावत करपात्र मालमत्तेचे मूल्यांकन ४० टक्क्यांनी वाढवले. एका कंपनीने तक्रार केली की आम्हाला कोणी विचारले नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी ती फेटाळली. नियम सगळ्यांनाच लागू असेल तर एकेकाला ऐकत बसणे शक्य नाही, आणि अशा वेळी लोकांचे बळ मतपेटीतून सत्ताधाऱ्यांवर चालते, असा त्यांचा रोख होता. एका वाड्याची घरपट्टी वाढणे आणि अख्ख्या शहराचा घरपट्टीचा दर वाढणे यांत फरक काय, हे ज्याला कळते त्याला सुनावणी आणि नियमनिर्मिती यांतली सीमारेषा कळली. प्राध्यापकांना ही जोडी आवडते यात नवल नाही. मोठे तत्त्व इतक्या स्वस्तात क्वचितच हाती लागते.

हार्वर्डची भिंत हार्वर्डमधूनच पडली. फेलिक्स फ्रँकफर्टर १९१४ मध्ये तिथे प्राध्यापक झाला. सार्वजनिक सेवा कंपन्या आणि त्यांचे नियमन हा त्याचा आवडीचा प्रांत होता. या विषयाचा अभ्यास एकेका आयोगाच्या प्रत्यक्ष कामाच्या खोलात शिरूनच करता येईल, असे त्याने १९२७ च्या एका लेखात ठासून मांडले. पण १९३२ मध्ये त्याने फॉरेस्टर डेव्हिसनबरोबर काढलेले पुस्तक पुन्हा केसबुकच होते. फ्रॉइंड त्याच वर्षी वारला.

पुढच्या वर्षी रूझवेल्ट सत्तेवर आले आणि जे वर्गात अजून नीट शिकवलेही जात नव्हते त्याचा वॉशिंग्टनमध्ये पूर आला. नवे आयोग, मंडळे आणि प्राधिकरणे निघाली, आणि त्यांत फ्रँकफर्टरचे विद्यार्थी भराभर नोकरीला लागले. त्यांतला जेम्स लँडिस शेअर बाजारावरच्या १९३३ च्या कायद्याच्या मसुद्यात होता, पुढे रोखे आयोगाचा अध्यक्ष झाला आणि १९३७ मध्ये हार्वर्डला अधिष्ठाता म्हणून परतला. प्रशासकीय प्रक्रियेवरच्या त्याच्या १९३८ च्या छोट्या पुस्तकात आयोगांची इतकी ठाम बाजू आहे की ते विश्वासाचा जाहीरनामाच वाटावे. याच लँडिसने पुढे सलग काही वर्षे स्वतःचे आयकर विवरणपत्र भरले नाही आणि १९६३ मध्ये त्याला शिक्षा झाली. वर्गात ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा कोणी फारसे हसत नाही.

कचेरीच्या आत काय चालते हे न पाहण्याची किंमत १९३४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातच दिसली. टेक्सासमधल्या तेल कंपन्यांनी ठरलेल्या कोट्याबाहेर काढलेले तेल राज्याबाहेर नेण्याला सरकारने बंदी घातली होती आणि कोटा मोडणाऱ्यांना पेट्रोलियम संहितेखाली शिक्षेची तरतूद होती. खटला वर गेल्यावर उघड झाले की सप्टेंबर १९३३ मधल्या एका दुरुस्तीत ते शिक्षेचे कलम चुकून गळले होते. लोकांवर खटले भरले गेले होते, आणि ते कलम अस्तित्वातच नव्हते हे ना आरोपींना ठाऊक होते, ना सरकारी वकिलांना, ना खालच्या न्यायालयाला. या संहितेची आपण पाहिलेली एकमेव प्रत एका सरकारी माणसाच्या विजारीच्या मागच्या खिशात होती, असे कंपनीच्या वकिलाने न्यायमूर्तींना सांगितले. केंद्र सरकारचे आदेश आणि नियम एका ठिकाणी छापणारे राजपत्रच तेव्हा नव्हते. त्याच डिसेंबरात हार्वर्डच्या अर्विन ग्रिस्वोल्डचा, सरकारलाच आपला कायदा माहीत नाही अशा आशयाचा लेख प्रसिद्ध झाला. जुलै १९३५ मध्ये संसदेने कायदा केला आणि मार्च १९३६ मध्ये ‘फेडरल रजिस्टर’चा पहिला अंक निघाला. मुंबई सरकारचे राजपत्र एकोणिसाव्या शतकापासून वाचत आलेल्या मराठी माणसाला हे वाचून आश्चर्य वाटेल.

कचेरीत खरोखर कोण काय ठरवते, हा प्रश्न मॉर्गन नावाच्या दाव्याने ऐरणीवर आणला. कॅन्सस सिटीच्या गुरांच्या बाजारातल्या अडत्यांची दलाली किती असावी हे कृषिमंत्र्याने ठरवून दिले. पुराव्याची नोंद दहा हजार पानांच्या वर गेली होती. तोंडी युक्तिवाद ऐकला एकाने आणि आदेशावर सही केली मंत्री हेन्री वॉलेस यांनी. ज्याने ठरवायचे त्यानेच ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये म्हटले. तत्त्व सुंदर होते, पण दहा हजार पाने मंत्री वाचणार कधी? प्रकरण चार वेळा वर गेले. १९४१ च्या चौथ्या फेरीत, मंत्र्याने काय वाचले आणि कसा विचार केला हे साक्षीच्या पिंजऱ्यात उकरू नये, असा निकाल आला. तो लिहिणारा न्यायमूर्ती होता फेलिक्स फ्रँकफर्टर. १९३९ मध्ये तो प्राध्यापकी सोडून त्या पीठावर आला होता.

आयोगांवर वकीलवर्ग चिडलेला होताच. हार्वर्डचा माजी अधिष्ठाता रॉस्को पाउंड याने १९३८ मध्ये वकील संघटनेच्या समितीकडून त्यांच्या निरंकुशतेवर कडक अहवाल लिहिला. आयोगांना न्यायालयांच्या कडक देखरेखीखाली आणणारे विधेयक १९४० मध्ये संसदेत संमत झाले, पण रूझवेल्ट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. मधल्या काळात महान्यायवादीच्या समितीने वेगळाच उद्योग केला होता. कोलंबियाचा वॉल्टर गेलहॉर्न तिच्या संशोधनाचा प्रमुख होता. त्याची तरुण माणसे एकेका खात्यात जाऊन बसली. अर्ज कोणाच्या टेबलावरून कोणाकडे जातो, सुनावणी कोण घेतो, मसुदा कोण लिहितो, किती प्रकरणे तडजोडीत मिटतात, हे पाहून त्यांनी २७ स्वतंत्र पाहणी-ग्रंथ तयार केले. या विषयाच्या इतिहासात कचेरी आतून इतक्या बारकाईने पाहिली गेल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. समितीचा अंतिम अहवाल १९४१ मध्ये आला, युद्धामुळे काम थांबले आणि ११ जून १९४६ रोजी ट्रुमन यांच्या सहीने प्रशासकीय कार्यपद्धती अधिनियम झाला. नियम करण्याआधी तो जाहीर करा, लोकांच्या हरकती-सूचना घ्या, कारणे द्या आणि मग अमलात आणा, हा त्याचा गाभा.

आता वर्गाला हातात धरायला एक कायदा मिळाला. गेलहॉर्नचे १९४० चे केसबुक नव्या नव्या सहसंपादकांच्या हाती अनेक आवृत्त्यांतून चालत राहिले. केनेथ कल्प डेव्हिस हाही महान्यायवादीच्या समितीवर राबलेला. त्याने १९५८ मध्ये चार खंडी ग्रंथ लिहिला आणि १९६९ मध्ये स्वतःच्याच विषयाची उलटतपासणी घेतली: सुनावणी आणि न्यायालय यांवर आपण पानेच्या पाने खर्च करतो, पण माणसाचे भले-बुरे बहुतेक वेळा अधिकाऱ्याच्या न नोंदलेल्या मर्जीवर ठरते. त्या २७ पाहण्यांमधून वर्गात फारसे काही उतरले नाही. निवाडा दोन पानांत छाटता येतो आणि परीक्षेत विचारता येतो. कचेरीचे तसे नाही.

भारताशी या इतिहासाचा धागा जुळतो तो दोन ठिकाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियाच्या ज्या राज्यशास्त्र विद्याशाखेत शिकले ती गुडनावची विद्याशाखा, जरी गुडनाव स्वतः तोवर चीन सरकारचा सल्लागार म्हणून गेला होता. आणि १९४७ च्या शरद ऋतूत घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत फ्रँकफर्टरला भेटले. न्यायालयांच्या हाती अमेरिकी पद्धतीची व्यापक तपासणी देऊ नये असे त्याचे मत पडले. पुढे अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. ती कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सांगितले. अमेरिकेसारखा सर्वसाधारण कार्यपद्धती कायदा भारतात झालाच नाही, म्हणून भारतातला पेपर जवळपास सगळाच निवाड्यांवर उभा आहे. त्यांतले काही मुंबईचे आहेत: विमानतळावरचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार गाळे चालवण्याच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट घालून ती न पाळणाऱ्यालाच ठेका दिल्याचे रमणा शेट्टी प्रकरण (१९७९), आणि पदपथावरच्या झोपड्या हटवण्याआधी नोटीस हवी की नको याची चर्चा करणारे ओल्गा टेलिस प्रकरण (१९८५).

अमेरिकेत १९७० च्या आसपास पर्यावरण, कामगार सुरक्षा, ग्राहक संरक्षण यांच्या नव्या संस्था आल्या आणि नियमांचा ढीग वाढला. मेम्फिस शहरातल्या ओव्हर्टन उद्यानातून महामार्ग नेण्याचा निर्णय मंत्र्याने कारणे न लिहिता घेतला होता. निर्णयाच्या वेळी समोर असलेली संपूर्ण नोंद तपासा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये फर्मावले. महामार्ग उद्यानातून कधीच गेला नाही, आणि कचेऱ्या फायली जपून ठेवू लागल्या. केसबुकांतली भाषाही बदलली. १९७९ मध्ये स्टीफन ब्रायर आणि रिचर्ड स्ट्युअर्ट यांनी काढलेल्या पुस्तकात दर, मक्तेदारी आणि प्रदूषण यांचे अर्थकारण निवाड्यांच्या जोडीला बसले. ब्रायर पुढे न्यायमूर्ती झाला. त्याच्या आधी न्यायमूर्ती झालेला अँटोनिन स्कालियाही हाच विषय शिकवत असे.

फ्रॉइंडचा आराखडा हार्वर्डने शेवटी मान्य केला तो २००६ मध्ये. अधिष्ठात्या एलेना केगन यांच्या कारकिर्दीत पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. करार, मालमत्ता, अपकृत्ये या लँगडेलच्या काळापासूनच्या विषयांच्या रांगेत विधिनिर्मिती आणि नियमन हा नवा सक्तीचा विषय आला. त्यात अधिनियम कसा वाचायचा, त्याखाली कचेरी नियम कसा करते आणि न्यायालय त्याकडे कसे पाहते हे एका दमात शिकवायचे होते. इतर महाविद्यालयांनीही तो उचलला. या तासाचा कणा होता १९८४ चा शेव्हरॉन निवाडा: अधिनियमातले शब्द संदिग्ध असतील तर संबंधित संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांनी तो दोन पायऱ्यांत पाठ केला.

हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर सरकारी निरीक्षक बसवायचा आणि त्याचा पगार बोटमालकाने द्यायचा, असा नियम मत्स्य विभागाने केला. हेरिंगच्या बोटमालकाने हा पगार द्यावा असे अधिनियमात कुठे म्हटलेले नव्हते. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात शेव्हरॉन रद्द केला. आधार घेतला तो १९४६ च्या अधिनियमातल्या कलमाचा, ज्यात कायद्याचे प्रश्न न्यायालयाने ठरवावेत असे लिहिले आहे. अधिनियमाचा अर्थ न्यायाधीशच लावेल, असे बहुमताने ठरले. विरोधी निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती एलेना केगन यांनी.